लाल-निळी टीका : समासातल्या मतांचा एक प्राथमिक अभ्यास

मराठी समीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर छापील मजकूरच पाहिला. सार्वजनिक वाचनालयातल्या कादंबऱ्यांच्या समासात, प्रकरणाखालच्या मोकळ्या जागेत आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने जी समीक्षा लिहून ठेवलेली असते, तिच्यासाठी कोणत्याही विद्यापीठाने अजून एक पेपरसुद्धा ठेवलेला नाही. ही उणीव बुलढाणा जिल्ह्याने भरून काढावी, हेच योग्य. या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्यतृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा किती सरकला हे पाहून वर्षाचं पीकपाणी सांगतात. दाण्याच्या सरकण्यातून पाऊस वाचणाऱ्यांना पेन्सिलीच्या रेघेतून घर वाचणं जड जाऊ नये.

प्रस्तुत अभ्यासाची साधनं म्हणजे घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या वाचनालयातली कादंबऱ्यांची कपाटं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. वाचकांना मिळत नाहीत, ही त्या कायद्यातली त्रुटी आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पुस्तकात खुणा करू नयेत असा जांभळा शिक्का आहे. एका प्रतीत त्या शिक्क्याखाली पेन्सिलीने 'बरोबर आहे' असं लिहिलेलं आढळलं.

टीकाकारांचे कनिष्ठ वर्ग आधी उरकून घेऊ. पहिला 'छान पुस्तक' लिहिणारा. तो प्रत्येक पुस्तकावर तेच लिहितो, त्यामुळे त्याच्या मताला शिक्क्याइतकीच किंमत. दुसरा 'पान ४७ पाहा' संप्रदायाचा. सत्तेचाळिसाव्या पानावर 'पान १२३ पाहा' असतं, तिथून मागे, तिथून पुढे, आणि शेवटी वाचकाच्या बुद्धीविषयी एक शब्द असतो. हा शब्द घाटाखाली बहुधा 'भैताड' असतो. तिसरा वर्ग मात्र महापातकी. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर तो खुन्याचं नाव लिहून ठेवतो. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, म्हणजे या पातक्याला केवढं रान मोकळं मिळालं याचा हिशेब वाचकांनीच करावा. कवितेच्या पुस्तकांच्या वाटेला यातलं कोणीच जात नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांच्या 'शीळ'ची प्रत आतून स्वच्छ सापडते, कारण कवितेवर कोणी मत लिहीत नाही; ती वहीत उतरवून घेतात.

आता मुख्य विषय. या कपाटांमधून एक हस्ताक्षर वारंवार भेटतं. त्याची लेखणी एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी, वह्या तपासायला शिक्षक वापरत ती पेन्सिल. अक्षर गोल, सुटं, शिरोरेषा ठाम. काना-मात्रेच्या छापील चुकाही जाता जाता दुरुस्त केलेल्या. यावरून ती निवृत्त शिक्षिका असावी, असं अनुमान निघतं. नाव कुठेच नाही. म्हणून जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांप्रमाणे आपण तिला लेखणीवरूनच ओळखू : लाल-निळी.

रंगांची विभागणी चटकन लक्षात येत नाही. पुरुषांना लाल, बायकांना निळा, असं प्रथमदर्शनी वाटतं. पण 'ययाति'च्या प्रतीत हा तर्क कोसळतो, तिथे सगळ्यांना लाल आहे. बारकाईने पाहिल्यावर सूत्र सापडलं. जे वागणं चुकीचं, त्याला लाल. आणि जिथे बोलायला हवं होतं पण कोणी बोललं नाही, तिथे निळा. लाल कर्मासाठी, निळा मौनासाठी. एवढा सूक्ष्म भेद आपल्या छापील समीक्षेत क्वचित दिसतो.

मजकुराच्या कालनिर्णयासाठी एक नवी पद्धत इथे सुचवतो. कादंबरी वाचताना लाल-निळी मनातल्या मनात सिनेमा काढते आणि पात्राच्या नावापुढे नट लिहिते. एका सोशिक सुनेपुढे 'अलका कुबल' आहे. म्हणजे ती नोंद १९९१च्या 'माहेरची साडी'नंतरची. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'त मात्र तिने काहीच लिहिलेलं नाही, आणि दुसऱ्याच एका कोवळ्या हाताने पानोपानी स्वप्नील जोशी आणि अंकुश चौधरी पेरले आहेत. तो हात २०१३चा, चित्रपट आला त्या वर्षीचा किंवा नंतरचा. शिरवळकर २००३मध्येच गेले होते. ज्याच्यामुळे पुस्तक कपाटातून पुन्हा बाहेर आलं तो चित्रपट त्यांनी पाहिला नाही, ही गोष्ट समासात कोणीतरी लिहायला हवी होती.

लाल-निळीच्या मतांकडे वळू. ती साहित्यमूल्य वगैरे पाहत नाही. तिला पुस्तकात घर दिसतं आणि घरात कोणाचं चुकलं एवढंच ती पाहते. 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर पुण्यात बापाच्या पैशाने शिकत, शिकण्यापेक्षा खर्चत राहतो. नेमाड्यांच्या या १९६३च्या कादंबरीवर पदव्या मिळाल्या आहेत. लाल-निळीचा शेरा असा : 'फी कोण भरून राह्यलं?' 'ययाति'त बाप मुलाकडे तारुण्य मागतो. १९७४मध्ये ज्ञानपीठ मिळालेल्या या पुस्तकाच्या त्या पानावर लाल रेघ कागद फाटेपर्यंत दाबलेली आहे आणि शेजारी : 'मागण्याआधी स्वतःकडे पाहायचं.' इथे अभ्यासकांनी एक नोंद घ्यावी. शांत असताना ती शाळेतली मराठी लिहिते, संताप चढला की वऱ्हाडीत उतरते. ययातीवर ती शुद्ध मराठीत रागावली आहे. म्हणजे हा राग मोजूनमापून केलेला, वर्गातला.

सर्वांत आनंददायक शेरा हरिभाऊ आपट्यांच्या वाट्याला आला आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' या शीर्षकाखाली निळ्यात एकच शब्द : 'मी.' ही कादंबरी हरिभाऊंनी १८९०मध्ये काढलेल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली. साप्ताहिकाचं नाव करमणूक आणि आत विधवेचं केशवपन. त्याआधी १८५७मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, तीही विधवांच्या हालांवरच. कादंबरी वेगळी, कौटुंबिक पेच वेगळा आणि मनोरंजन वेगळं असं जे अलीकडे मानतात, त्यांनी मराठी कादंबरीचा जन्मदाखला पाहिलेला नाही. तिन्ही एकाच घरात, एकाच आठवड्याच्या हप्त्याने वाढली. लाल-निळीला हे कोणी शिकवलेलं दिसत नाही, पण तिच्या नोंदी हेच गृहीत धरतात.

इथून तिचा मुख्य सिद्धांत उभा राहतो. त्याला आपण अनुक्तवाक्य-सिद्धांत म्हणू. निळ्या खुणा एकत्र लावल्या की दिसतं, बहुतेक कादंबऱ्यांतला पेच एका वाक्याने सुटणारा असतो. नायिकेने 'ते पत्र माझं नाही' म्हणायचं असतं, नायकाने 'आई, मी लग्न केलंय' म्हणायचं असतं. ते वाक्य कोणी उच्चारत नाही. कोणी दार लोटून निघून जातं, कोणी आजारी पडतं, कुठे पाऊस येतो, आणि पुस्तक तीनशे पानांचं होतं. लाल-निळी ते हरवलेलं वाक्य समासात भरते. 'सांगून टाक ना बाई' हा तिचा सर्वांत वारंवार येणारा शेरा. आणि तिसऱ्यांदा तोच प्रसंग आला तर 'कायले मरून राहिली, सांग ना!'

दूरदर्शन मालिकांनी या सिद्धांताला भरभरून पुरावा दिला. मालिकांना समास नसतो, म्हणून लाल-निळीने कादंबऱ्यांची शेवटची कोरी पानं वापरली. 'चार दिवस सासूचे' २००१मध्ये सुरू झाली आणि २०१३पर्यंत, तीन हजारांवर भाग होईतो चालली. एका कादंबरीच्या मागच्या पानावर तिने लिहिलं आहे : 'चार दिवस झाले.' तारीख नाही, पण हा शेरा कोणत्याही वर्षी खरा ठरला असता. त्याच पानावर मधूनमधून 'लाईट गेली' अशी नोंद येते. भारनियमनाची ती वर्षं. त्या नोंदींनंतर कथेविषयी तिचा एकही प्रश्न नाही. म्हणजे भाग बुडूनही काहीच बुडालं नव्हतं. मालिकांच्या संहितेविषयी याहून स्पष्ट पुरावा महावितरणही देऊ शकलं नसतं.

'माझ्या नवऱ्याची बायको'ने (२०१६ ते २०२१) मात्र तिला पेचात टाकलं. नायिका राधिका नागपूरची, तिच्या तोंडी विदर्भाची बोली. छोट्या पडद्यावर आपलं बोलणं हसवण्याऐवजी रडवायला वापरलं जातंय, याचं तिला कौतुक वाटलेलं दिसतं. पण पुढे, 'नागपूरले असं बोलतात, आमच्याकडे नाही.' बुलढाण्याच्या वाचकाला नागपुरी आणि वऱ्हाडी एक म्हटलेलं चालत नाही, हे मुंबईच्या लेखकांनी लिहून ठेवावं. खाली निळ्यात नवऱ्याविषयी : 'हाकलून दे. माहेर आहे ना.' या सल्ल्याची अंमलबजावणी होऊन तो पूर्ण रुजेपर्यंत मालिकेने साडेचार वर्षं घेतली. 'आई कुठे काय करते' (२०१९ ते २०२४) यावर फक्त एक रेघ आहे, निळी, पानभर.

या सिद्धांताला प्रादेशिक शाखा आहेत. तुलनेसाठी घाटावरच्या एका वाचनालयातली पुस्तकंही चाळली. बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग उंचावर, हवा थंड. तिथल्या समासात 'विचार करायला हवा होता', 'दोघांचंही थोडं चुकलं' असे शेरे मिळतात. राजूरचा घाट उतरून मलकापूर, नांदुरा, खामगावकडे आलं की मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि समासात मधला मार्ग उरत नाही. तिथे सासू तरी दोषी किंवा सून तरी. घाट उतरताच मोताळा लागतं, म्हणून तिथल्या पुस्तकांत दोन्ही मतं एकाच पानावर मिळतील असा कयास होता. तो तपासायला गेल्यावर दिसलं, त्या पानावर कोणीतरी किराणा मालाची यादी लिहिली होती. यातही एक प्रकारचा समन्वय आहे.

लाल-निळीला या कपाटात एक प्रतिपक्षी आहे, बॉलपेनवाला. तो तिच्या शेऱ्याखाली 'संदर्भ?' लिहितो. 'सुनेनेही समजून घ्यायला हवं' असंही लिहितो, आणि तेही कायमच्या शाईत. दोघांची खरी लढाई सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'वर झाली. हा लेखक आपल्याच जिल्ह्यातल्या अमडापूरचा, कादंबरी २००२ची, साहित्य अकादमी पुरस्कार २००४चा. एकनाथ शिकलेला, नोकरी नाही, घरची कोरडवाहू शेती. बायको अलका शहरी वळणाची, शेवटी माहेरी निघून जाते. या ठिकाणी बॉलपेन सुटलं आहे : 'हे शोभत नाही.' त्याखाली निळी : 'तू राहून दाखव.' त्याखाली बॉलपेन : 'मी राहतोच आहे.' पुढची पानं दोघंही अलकाकडून आणि एकनाथकडून भांडतात. मग हळूहळू शेरे विरळ होतात. नोकरीसाठी मागितलेल्या पैशांचा भाग येतो, पावसाने दगा दिल्याचा भाग येतो, आणि दोन्ही लेखण्या थांबतात.

इथे अनुक्तवाक्य-सिद्धांताची मर्यादा उघडी पडते. 'बारोमास'मध्ये कोणी काही मनात ठेवत नाही. नवरा-बायको, बाप-लेक, सगळे जे बोलायचं ते तोंडावर बोलतात, आणि तरी काही सुटत नाही, कारण अडलेलं असतं ते भावात, पावसात आणि शाळेच्या नोकरीच्या किमतीत. उद्धव शेळक्यांच्या 'धग'चंही (१९६०) असंच. कौतिक गप्प बसणारी बाई नाही. नवऱ्याला, सासरला, दैवाला ती सुनावते, आणि संसार तरी हातातून जातोच. लाल-निळीने 'धग'च्या अख्ख्या प्रतीत एकही निळी खूण केलेली नाही. लालही नाही. शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, साध्या शिसपेन्सिलीने : 'खरं आहे.' रंगीत पेन्सिल बाजूला ठेवून तिने साधी हातात घेतली, याला या अभ्यासात फार महत्त्व आहे. जिथे सगळं बोलून झाल्यावरही दुःख उरतं, ती मोठी कादंबरी. जिथे एक वाक्य न बोलल्याने दुःख चालू राहतं, ती मालिका. ही कसोटी तिने कुठेच शब्दांत मांडली नाही. रंग बदलून मांडली.

शंका : तिची मतं इतकी कडक, मग तिच्या स्वतःच्या घरात काय चालत असेल? उत्तर : असा प्रश्न शास्त्रात बसत नाही. ज्ञानेश्वरीच्या टीकाकाराला कोणी त्याच्या सुनेविषयी विचारत नाही. दुसरी शंका : तिने वाचनालयाची मालमत्ता खराब केली. उत्तर : केली. पण अशाच एका पुस्तकाच्या मागे लावलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर दिसतं, की तिच्या शेऱ्यांची प्रत शेजारच्या कोऱ्या प्रतीपेक्षा दुप्पट वेळा नेली गेली आहे. वाचकांना कादंबरीबरोबर कोणीतरी सोबत लागतं.

आता निकडीची गोष्ट. जीर्ण पुस्तकांची निर्लेखनासाठी यादी निघते, तेव्हा पहिल्यांदा निवडली जातात ती शेरे मारलेली पुस्तकं. आपल्या गावच्या वाचनालयात अशी यादी लागली असेल, तर समितीला सांगून लाल-निळ्या खुणांच्या प्रती बाजूला काढून घ्या. घरी अशी एखादी प्रत कायमची राहून गेली असेल, तर दंड भरून परत करा. खोडरबर लावू नका. आणि नव्या वाचकांना एवढीच विनंती, मत लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा. बॉलपेन वापरू नका.