रोझमेरी तेल लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (शेगाव तालुक्यासाठी विशेष सूचनांसह)

बाटली प्रथम घरच्यांना दाखवून घ्यावी. ती जेमतेम 10-15 मिलिलिटरची असते आणि दिसते होमिओपॅथीच्या औषधासारखी. कल्पना न देता फडताळात ठेवली, तर घरातले कुणीतरी म्हातारे माणूस गुडघ्याला चोळून मोकळे होते. रोझमेरी हे भूमध्य समुद्राकाठचे झुडूप. आपल्या पूर्णेकाठी कपाशी येते, सोयाबीन येते, तूर येते. रोझमेरी मोबाईलवरून मागवावी लागते. पार्सल आल्यावर शेजारचे 'काय मागवलं?' असे विचारतीलच. किंमत अर्धी करून सांगावी.

आता प्रत्यक्ष कृती. हे अर्क तेल आहे, डोक्यावर नुसते ओतायचे नाही. चहाच्या चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब, बस्स. पैसे दिलेत म्हणून पाचवा-सहावा थेंब टाकू नये; टाळूची आग होते आणि केस होते तिथेच राहतात. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. पुरळ उठले तर बाटली आतेबहिणीला भेट द्यावी. गरोदर बायांनी आणि फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाकणही उघडू नये.

वासाची तयारी मात्र मनाने करावी लागते. या तेलात निलगिरीतले सिनिओल असते आणि कापूरही. त्यामुळे ओसरीत पाऊल टाकताच प्रश्न येतो, 'काहून वं, डोकं दुखून राह्यलं का?' नाही म्हणावे. 'मंग सर्दी झाली काय?' पुन्हा नाही म्हणावे. तिसऱ्या दिवसापासून होच म्हणावे, म्हणजे आल्याचा चहा तरी मिळतो. केस धुताना खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी असेल तर शाम्पूला फारसा फेस येणार नाही. तो दोष रोझमेरीच्या माथी मारू नये.

आता मुख्य पथ्य: सहा महिने. रीलमधल्या मुलीचे केस पंधरा दिवसांत कमरेपर्यंत येतात, कारण ते आधीपासून तिथेच होते. ज्या अभ्यासाच्या जोरावर ही बाटली खपते तो इराणमधला, 2015 साली छापलेला. आनुवंशिक टक्कल पडत चाललेल्या 100 जणांपैकी निम्म्यांना रोझमेरी तेल दिले, निम्म्यांना 2 टक्के मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे विशेष काही नाही; सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस थोडे वाढलेले. नुसत्या साध्या तेलाचा तिसरा गट ठेवलाच नव्हता. म्हणजे खोबरेल आणि रोज दहा मिनिटांची मालिश यांचे श्रेय किती, हे त्या अभ्यासाला विचारण्यात अर्थ नाही. माझे मत विचाराल तर तेल वाईट नाही. बापाचे, आजाचे टक्कल वारशाने येत असेल आणि धीर असेल, तर लावून पाहावे.

इथपर्यंतच्या सूचना साऱ्या जगासाठी झाल्या. शेगाव तालुक्यासाठी आणखी एक पायरी आहे, आणि ती बाटली उघडण्याआधीची आहे: केस कशाने गेले ते विचारा.

डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा या गावांत माणसे डोके खाजवू लागली. हात फिरवला की केसांचा पुंजका मुठीत. तिसऱ्या दिवशी टक्कल. बापये, बाया, शाळेतली पोरे, कुणी सुटले नाही. बातम्यांनी 'टक्कल व्हायरस' असे बारसे करून टाकले. तज्ज्ञांनी आधी शाम्पूवर संशय घेतला, मग पाण्यातल्या नायट्रेटवर, मग बुरशीवर. आयसीएमआरचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. तोवर पोरींनी कॉलेजला जाणे सोडले, ठरत आलेल्या सोयरिकी अडल्या आणि कित्येकांनी लाजेपोटी उरलेले केसही स्वतःच भादरून घेतले.

मग महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर आले. विंचूदंशावर आयुष्य घालवलेले, पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर डोकी पाहून थांबले नाहीत, घरातल्या गव्हाकडे वळले. कंट्रोलच्या दुकानातून मिळालेला, पंजाब-हरियाणाकडून आलेला तो गहू. त्यांच्या तपासणीत किलोला साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम निघाले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते भरपूर, आणि जस्त कमी. त्यांच्या नोंदीत 18 गावांतले 279 रुग्ण आहेत. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर-नवांशहर भागात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे जुने ज्ञान.

हिशेब करून पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. 400 च्या वर धोका. त्या गव्हाच्या पाव किलो पिठाच्या पोळ्या म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त. सकाळी ही पोळी खायची आणि रात्री टाळूला दोन थेंब चोळायचे, हा उपचार चिकाटीने सहा महिने केला तरी कंपनी सोडून कुणाचीच वाढ होणार नाही. केसांची मुळे जिवंत होती म्हणून अनेकांचे केस पुढे आपोआप उगवू लागले. त्या काळात ज्याने जे तेल लावले असेल ते तेल आज गावात रामबाण म्हणून सांगितले जात असेल, यात मला शंका नाही.

तेव्हा मंडळी, केस हळूहळू विरळ होत असतील तर बाटली उघडा. पण एकाच आठवड्यात घरातल्या दोघा-तिघांचे केस मुठीने हाती आले, नखे सुटू लागली, तर तेल, काढा, कांद्याचा रस, सारे बाजूला ठेवा. कोठीतला तो गहू दळू नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. पिशवीत किलोभर बांधा, कोणत्या महिन्याचा आणि कोणत्या दुकानातला ते चिठ्ठीवर लिहा आणि पिशवीसकट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.