रास, रक्तगट आणि लेथ मशीन

शाहूवाडी तालुक्यात 'बायोडाटा' हा शब्द दोन कामांना चालतो. एक पोरगी बघायला जाण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा, आणि दुसरा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चिकटायचं म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरात घालून न्यायचा. शब्द एक असल्याने हळूहळू कागदही एकच झाला. नोकरीचा बायोडाटा हा लग्नाच्या बायोडाटाचा धाकटा भाऊ, थोरल्याचे कपडे घालून फिरणारा. लग्नाच्या कागदावर रास, नाडी, देवक, मामांचं गाव, जिरायत किती, बागायत किती हे सगळं लागतं. वाचणारा तिथे पाहुणे निवडत असतो, आणि पाहुण्यांच्या बाबतीत फालतू माहिती अशी नसतेच. लेथवर माणूस उभा करायचा असलेल्या सुपरवायझरला मात्र सोयरीक जुळवायची नसते. तरी त्याच्या हातात वडिलांचा व्यवसाय, उंची, रक्तगट, धर्म आणि 'वैवाहिक स्थिती : अविवाहित' हे सगळं पडतं. आयटीआयचा ट्रेड सापडतो तो दुसऱ्या पानावर, टाचणीच्या खाली.

याचा दोष पोरांना देण्यात अर्थ नाही. मलकापूर असो की बांबवडे, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक जुनी फाईल असते. तिच्यातलं आधीच्याचं नाव खोडायचं, नव्याचं घालायचं, प्रिंट काढायची. एवढ्या घाईत छंद कोण बदलणार? म्हणून वाचन, प्रवास आणि क्रिकेट हे छंद एका पोराकडून दुसऱ्याकडे सातबाऱ्यासारखे वारसाहक्काने चालत येतात. ज्याने दहावीनंतर पुस्तक उघडलेलं नाही, तोही कागदावर वाचनवेडा असतो. आणि मुलाखतीत कुणी 'काय वाचलंस अलीकडे?' असं विचारलंच, तर उरलेला सगळा खरा कागदही त्या एका छंदापायी संशयात सापडतो.

'जास्तीची माहिती दिली तर बिघडतं काय?' हा यावरचा पहिला आक्षेप. बिघडतं, आणि दोन बाजूंनी. पहिली बाजू वेळेची. अमेरिकेतल्या 'लॅडर्स' या नोकरीविषयक कंपनीने २०१८ साली नोकरभरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा एका अर्जावरची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद टिकते असं दिसलं. शिरोलीचा सुपरवायझर याच्या दुप्पट दयाळू आहे असं मानलं, तरी पंधरा सेकंदांत तो रक्तगटापर्यंतच पोचणार. दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना साडेचार हजारांहून अधिक अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना बोलावणं येण्याची शक्यता कमी होती. नाव तर टाळता येत नाही, मग वर धर्म-जातीचा रकाना आपल्या हाताने भरून द्यायची हौस कशाला? बिनकामाची माहिती कागदावर मुकाट बसून राहत नाही. नाकारायला कारण शोधणाऱ्याच्या हातात ती आयतं दांडकं देते.

इथे कोल्हापूरचा माणूस शाहू महाराजांचं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. जात लिहिलीच नसती तर त्या जागा भरल्या कशा असत्या? आक्षेप बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. तिथे सरकारने जात विचारली होती, आणि ती विचारण्यामागे न्यायाचं कारण होतं. आजच्या सरकारी अर्जातही रकाना असेल तर तो भरावा, दाखलाही जोडावा. म्हणजे जात, पत्ता, रक्तगट या गोष्टी मुळात निरुपयोगी नाहीत. समोरच्याचा प्रश्न कोणता आहे त्यावर त्यांचा उपयोग ठरतो. साधारण १४८२ च्या सुमाराला लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या सत्ताधीशाकडे काम मागणारं पत्र तयार केलं. त्यात हलके, उचलून नेता येणारे पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं असं एकामागून एक सांगितलं आणि आपण चित्रंही काढतो हे अगदी शेवटी. मिलानला त्या वेळी चिंता लढाईची होती, आणि हे लिओनार्दोला कळत होतं. आपल्याकडे तेच पत्र झेरॉक्सच्या दुकानात टाईप झालं असतं तर पहिल्या ओळीत वडिलांचा व्यवसाय आला असता.

'आमच्याकडे ओळखीवर काम होतं, "कुणाचा रं तू?" हे कळल्याशिवाय दार उघडत नाही,' असा तिसरा आक्षेप. कबूल. पण जो फोरमन तुमच्या गावचा आहे, त्याला तुम्ही कुणाचे हे कागदावाचून ठाऊक असतं. कागद जातो तो न ओळखणाऱ्याकडे. त्याला 'मारुती मंदिराशेजारी' हा पत्ता काय सांगणार? रात्रपाळीनंतर हा पोरगा मलकापूरच्या एसटीमागे पळणार, की शिरोलीत खोली घेऊन राहणार, एवढंच त्याला हवं असतं. नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात केविलवाणा आहे : 'लिहिण्यासारखं काही नाही, मग पान भरायचं कशानं?' खरी गफलत इथे आहे. हाच पोरगा पहाटे पाचला गावच्या दूध संस्थेत उभा असतो. म्हशीचं आणि गाईचं दूध वेगळं घेतो, नमुना काढून फॅट आणि एसएनएफ बघतो, लिटर नोंदवतो आणि दर दहा दिवसांचं बिल पैशापैशाने जुळवतो. फॅट एका पॉइंटने कमी लागली म्हणून भांडायला आलेल्या म्हातारीला समजावून घरी पाठवतो. मोजमाप, नोंदी, वक्तशीरपणा, गिऱ्हाईक सांभाळणं, कारखान्याला जे जे हवं ते सगळं यात आलं. पण बायोडाटात त्याची एक ओळ नसते, कारण 'ते काय, आपलं घरचंच काम.' म्हणजे गाळायचं ते आपण लिहितो आणि लिहायचं ते गाळतो.

आणि एवढं करून तळाशी सही ठोकतो : 'वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. ठिकाण : शाहूवाडी.' खरी आहे, याबद्दल वाद नाही. सहीच्या आधी फक्त एवढं पाहावं, की ती विचारली कुणी होती.