हिरवे डगले, गुलाबी पक्षी

थंडीतल्या रविवारी पहाटे शिवडीच्या जेट्टीवर एकदा जाऊन या. पानापानांच्या नक्षीचे हिरवे-तपकिरी डगले चढवून पंधरा-वीस मंडळी उभी असतात. कशाला, तर पक्ष्यांना दिसू नये म्हणून! पायाखाली सिमेंट, पाठीशी ट्रक, समोर 21.8 किलोमीटरचा अटल सेतू. यात पानं होऊन लपायचं कुठे?

लेन्स मात्र तोफेएवढी, तीही हप्त्यावरची. समोर रोहित पक्षी चिखलात चोच उलटी बुडवून शेवाळ गाळत असतो. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच तो गुलाबी होतो. पण तेवढा गुलाबी आमच्या मंडळींना पुरत नाही. घरी संगणकावर आणखी चढवतात. मग पक्षी कमी आणि बर्फाचा गोळा जास्त.

त्याच चिखलात सैबेरियाहून आलेले चिमुकले तुतवार धावत असतात. मातकट बिचारे! परवा एक काका त्यांच्यावरच खेकसले, ‘‘सरका रे, फ्रेममध्ये येताय!’’

तेवढ्यात भरती आली, चिखल बुडाला, पक्षी उडाले. काकांचा ट्रायपॉड अजून उलगडतच होता. तुम्ही जाणार असाल, तर लेन्सआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ते फुकट मिळतं.