पोपटाचे राळे, माशाचा शेपू

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला घरचे जेवण चार वाटांनी मिळते: गावाहून आणलेल्या बॅगेतून, इंडियन स्टोअरमधून, त्याच्यासारख्याच इतर परक्यांच्या दुकानांतून, आणि या तिन्हींनी हात टेकले की स्वयंपाकघरातल्या जुगाडातून. मुक्काम लांबतो तसा पहिल्या वाटेवरचा भरवसा कमी होतो आणि तिसरीवरचा वाढतो. सुरुवातीला माणूस विचारतो, ‘इथे भारतीय दुकान कुठे आहे?’ मुरलेला माणूस विचारतो, ‘आपण खातो ते इथे आणखी कोण खातं?’

बॅगेची वाट सगळ्यांत जुनी. अमेरिकेच्या विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्या भरण्याचा अधिकार मात्र प्रवाशाला नसतो, तो त्याच्या आईकडे असतो. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुले, लसणीची चटणी, दाण्याचा कूट, बाकरवडी आणि लोणच्याची बरणी एवढे आत गेले की मग कपड्यांचा विचार होतो. कपडेही लागतातच, पण मुख्यतः बरणीला धक्का बसू नये म्हणून. बरणीच्या तोंडाला चिकटपट्टी, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी, मग जुना टॉवेल, मग नवी जीन्स असा बंदोबस्त होतो. तरीही तेल बाहेर येते, आणि यायचे ते नेमके मुलाखतीच्या शर्टावर येते. शेवटी वडील बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहतात, मग नुसतेच उभे राहतात, आणि वजाबाकी होते. वजन जास्त भरले की पुस्तके बाहेर निघतात.

विमानतळावर पहिला बळी सुक्या खोबऱ्याचा जातो. खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि साठवणीत ते आपोआप तापू शकते, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत त्याची गणना स्वतःहून पेट घेणाऱ्या पदार्थांत होते. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांकही आहे. पावसाळ्यात डब्यात बुरशी धरणे याखेरीज कसलाही पराक्रम न केलेल्या वाट्या येथे स्फोटकांच्या पंगतीला बसतात. ओली चटणी हातातल्या पिशवीत असेल, तर ती द्रव पदार्थ ठरते आणि १०० मिलिलिटरचा नियम तिलाही लागतो.

पलीकडच्या विमानतळावर दुसरी परीक्षा असते. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक जिन्नस उतरण्याच्या फॉर्मवर जाहीर करावा लागतो, लपवल्यास दंड होतो आणि दुधाचे पेढे काही केल्या आत जात नाहीत. अशा ठिकाणी सर्वांत अवघड काम म्हणजे तपासनिसाला मेतकूट समजावून सांगणे. भाजलेल्या डाळींची पिवळी पूड आहे म्हटले, तर तो पुडी उजेडात धरून पाहतो. आजारपणात मऊ भातावर घेतात असे सांगितले, तर औषध आहे का म्हणून विचारतो. हो म्हणावे तर वेगळी चौकशी, नाही म्हणावे तर मग आजारपणाचा विषय काढलाच कशाला? अमेरिकेत आईने ऐन वेळी कोंबलेली कढीपत्त्याची काडी जप्त होते, कारण लिंबू-संत्र्याच्या बागा मारणाऱ्या रोगाचा वाहक कीटक कढीपत्त्यावरही राहतो आणि फ्लोरिडाच्या बागांनी त्या रोगाचा तडाखा २००५ पासून सोसला आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. दिवाळीचे अनारसे तिथे बंदी असलेला माल ठरू शकतात, आणि ही गोष्ट अनारसे पाठवणाऱ्या मावशीला पटवून देणे कायद्याइतकेच कठीण असते.

दुसरी वाट इंडियन स्टोअरची. शिकागोच्या डेव्हॉन अॅव्हेन्यूवर १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान निघाले आणि पुढे त्याची साखळी अमेरिकाभर पसरली. न्यू जर्सीत एडिसन-आयझेलिनचा ओक ट्री रोड, लंडनमध्ये साउथॉल आणि वेम्बली, तोक्योत निशी-कासाई ही अशा खरेदीची नावाजलेली ठिकाणे. दुकान सगळ्या भारताचे असते, पण त्यातली वाटणी समसमान नसते. खाखऱ्याला अख्खी भिंत, डोशाच्या पिठाला फ्रीज, पराठ्यांना फ्रीजर आणि मराठी मालाला तळच्या फळीवर हातभर जागा. तिथे वाकून पाहिले की कोकम, भगर, बेडेकरांचे लोणचे आणि मुदत संपत आलेले भाजणीचे एक पाकीट दिसते. भाजणी नसेल तर दुकानदार हांडव्याचे पीठ पुढे करतो आणि दोन्ही एकच म्हणून सांगतो. तोंडली आणि गवार गोठवलेली मिळतात. वितळल्यावर त्यांचा जो नूर होतो, त्यावर गूळ घालून पांघरूण घालावे लागते.

भाजणीच्या शेवटच्या पाकिटावर दोन मराठी हात एकाच वेळी पडले, तर पुढचा संवाद ठरलेला असतो.

‘घ्या ना तुम्ही.’

‘छे छे, तुम्हीच घ्या. आमच्याकडे आहे थोडी.’

‘अहो, घ्या हो. आम्ही काय, सहजच बघत होतो.’

या अवधीत पाकीट कोणीही सोडत नाही. मग पुण्यातले की मुंबईतले, पुण्यातले तर कोथरूड की पेठ, पेठ असेल तर कुठली, अशी चौकशी होते. कोणाची तरी आत्या कोणाच्या तरी शेजारी राहत होती असे निघते आणि पाकीट अर्धे अर्धे वाटले जाते.

तिसरी वाट हाच खरा राजमार्ग. भारतीय दुकानात न मिळणारी पालेभाजी बहुधा शेजारच्या गल्लीत, भलत्याच देशाच्या पाटीखाली मिळते. घोळ बर्लिनच्या तुर्की भाजीवाल्याकडे जुडीने मिळते, कारण तुर्की लोक ती दह्यात कालवून खातात. अमेरिकेत तीच मेक्सिकन दुकानात असते. माठ चिनी दुकानात मिळतो आणि जमैकाच्या लोकांच्या बाजारातही, कारण जमैकाचा कॅलालू म्हणजे माठाच्याच जातीचा पाला. मेथी इराण्यांकडे मिळते, ती घातल्याशिवाय त्यांचे घोर्मे सब्झी हे कालवण होत नाही. केळफूल व्हिएतनामी दुकानात, शेवग्याचा पाला फिलिपिनो दुकानात. कुवेतमध्ये ज्या झुबैदी माशाला सगळ्यांत मान असतो, तो आपला पापलेटच. मालवणी माणसाला परक्या मुलखातही बाजारात नाक वर करून फिरता येते ते अशा ठिकाणी.

अळूसाठी ऑकलंडसारखे शहर नाही. तिथल्या ओटारा भागात शनिवारी भरणाऱ्या बाजारात सामोआ-टोंगाचे लोक अळूच्या पानांचे गठ्ठे लावून बसतात. ते ही पाने नारळाच्या दाट रसात शिजवतात. वडीसाठी पाने निवडणारी मराठी बाई प्रत्येक पान उलटे करून देठाचा रंग पाहते आणि विकणारी सामोअन बाई तिला हातवाऱ्यांनी बजावते की भरपूर शिजव, नाहीतर घसा धरेल. मराठी बाई हातवाऱ्यांनीच चिंच सांगण्याचा प्रयत्न करते. चिंच पोचत नाही, पण घसा खाजण्याचा अभिनय दोघींचा सारखाच वठतो आणि तेवढ्या एकमतावर व्यवहार पुरा होतो.

स्थानिक लोकांच्या सुपरमार्केटातही आपले पदार्थ असतात, फक्त भलत्या हुद्द्यावर. जर्मनीत शेपू माशावर भुरभुरण्यासाठी चिमूटभराच्या पुड्यांत विकला जातो. भाजीला तो जुडीने लागतो. मराठी गृहिणी फळीवरच्या सगळ्या पुड्या उचलून गल्ल्यावर ठेवते, तेव्हा तिथल्या बाईला वाटते की यांच्या घरी लग्न आहे आणि पंगतीला सामन मासा आहे. ज्वारीच्या उत्पादनात अमेरिका जगात पहिली. कॅन्ससमध्ये तिची शेतेच्या शेते आहेत, पण तिथला दाणा प्रामुख्याने जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला आणि निर्यातीला जातो. माणसांसाठी तिचे पीठ ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांच्या फळीवर लहानशा पिशवीत, औषधाच्या भावाने मिळते. सोलापूरची भाकरी तिथे पथ्याचे अन्न म्हणून मिरवते. राळ्याची कणसे तर थेट प्राण्यांच्या दुकानात, पिंजऱ्यातल्या पोपटांसाठी टांगलेली असतात. ती घेतल्यावर दुकानदार पोपटाचे नाव विचारतो.

खसखशीची गंमत याच्या उलट. जी दुबईत नेता येत नाही, ती जर्मनीत केकमध्ये थराथराने भरतात आणि किराणा दुकानात कोणालाही देतात. मात्र ती निळसर काळी असते. तिच्यावर थापलेले अनारसे चवीला ठीक लागतात, पण ताटात वाढल्यावर ते भाजले की जळले यावर घरात मतभेद होतात. साबुदाण्याची अवस्था त्याहून बिकट. कसावाचे मूळ दक्षिण अमेरिकेतले, त्यामुळे ब्राझीलमध्ये साबुदाण्याला तोटा नाही. पण दक्षिण ब्राझीलमध्ये तो तांबड्या वाइनमध्ये साखर घालून शिजवतात. चतुर्थीचा उपवास करणाऱ्याने या वाडग्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, याविषयी धर्मशास्त्र गप्प आहे.

चौथी वाट जुगाडाची. जर्मनीत श्रीखंडाला चक्का बांधावा लागत नाही. क्वार्क नावाचा घट्ट दह्यासारखा पदार्थ डब्यात मिळतो. त्यातला चाळीस टक्के स्निग्धतेचा घ्यावा, बिनसायीचा घेतला तर श्रीखंड प्रकृतीला उत्तम आणि पाहुण्यांना नकोसे होते. अमेरिकेत हे काम ग्रीक योगर्टवर भागते, आणि बर्फीचा खवा रिकोटा चीजवर. पावभाजीला तिथे गोडसर हवाईयन रोल वापरतात. हा शोध वरवर धेडगुजरी वाटला तरी वंशावळीला धरून आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात पाव आणला आणि पोर्तुगीज मजुरांनीच हवाई बेटांवर आपला गोड पाव नेला. हे दोन चुलतभाऊ न्यू जर्सीत भाजीच्या ताटलीशेजारी भेटतात. उकडीच्या मोदकाला थाई तांदळाचे पीठ चालते, पण पिशवी नीट वाचून घ्यावी. चिकट तांदळाचे पीठ आले तर मोदकाच्या कळ्या मिटतात, मोदक बसतो, आणि बाप्पापुढे एकवीस नगांऐवजी एक मोठा नग ठेवण्याची पाळी येते.

हे सगळे जमवल्यावर उरते फोडणी. परदेशातली बरीच घरे ज्या स्वयंपाकासाठी बांधलेली असतात, त्यात मिरचीचा खकाणा गृहीत धरलेला नसतो. मोहरी तडतडते, हिंग पडतो, लाल मिरची काळवंडते आणि छतावरचा धुराचा गजर बोंब ठोकतो. घरातला एक जण खिडकी उघडायला धावतो, दुसरा खुर्चीवर चढून टॉवेलने गजराला वारा घालतो आणि तिसरा ‘आमटी जळेल!’ म्हणून ओरडतो. मोठ्या इमारतींत आणि विद्यार्थी वसतिगृहांत गजर थेट अग्निशमन दलाकडे गेला, तर बंबही येतो. दमलेल्या जवानांना आमटी विचारण्याची पद्धत आहे. ते नको म्हणतात. बाहेर उणे दहा तापमान असताना सर्व खिडक्या उघड्या आणि अंगात कोट घालून कोणी स्वयंपाक करीत असेल, तर घर मराठी असण्याची शक्यता मोठी.

या चारही वाटांची बित्तंबातमी मंडळांकडे असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपतीच्या आरतीनंतर साहित्य-संस्कृतीची चर्चा होतेच, पण ताजा अळू कुठे आला ही बातमी तिच्याआधी पोचते. इस्रायलला गेलेल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी तर हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांसाठी सोडवला. त्यांच्या मलिदा विधीला गोड पोहे, नारळ आणि फळे लागतात, म्हणून वाळवंटातल्या दिमोनासारख्या गावीही भारतीय किराण्याची दुकाने टिकली.

हापूस मात्र कोणत्याच वाटेने सहज येत नाही, त्याला दोन सरकारांची संमती लागते. अमेरिकेचे दार त्याला दीर्घकाळ बंद होते. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले, तेव्हा आंबा तिकडे आणि हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकली इकडे अशी बोलणी झाली. २००७ मध्ये पहिल्या पेट्या गेल्या. अट अशी की आंब्यावर किरणांचा मारा व्हावा, आणि त्याची सोय होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. त्यामुळे रत्नागिरीचा आंबा अमेरिकेला निघण्याआधी कांद्याच्या गावी मुक्काम करू लागला. युरोपीय संघाने फळमाशी सापडल्यावरून मे २०१४ मध्ये बंदी घातली आणि जानेवारी २०१५ मध्ये उठवली. त्या एका मोसमात लंडनच्या मराठी घरांत डबाबंद रसावर दिवस काढावे लागले. इतर वेळी पेटीचा भाव ऐकून माणूस मेक्सिकोचा पिवळा अताउल्फो घेतो, रस करतो, वेलदोडा जास्त घालतो आणि पहिल्या वाटीनंतर कोणी काही बोलत नाही.

शेवटी काही पदार्थ चारही वाटांना दाद देत नाहीत. ओले काजूगर प्रवासाला टिकत नाहीत. शेकोटीवर भाजलेला हुरडा पाकिटात येत नाही, आणि कॅन्ससच्या शेतकऱ्याला कोवळी कणसे तोडू देण्याची विनंती अजून कोणी केलेली ऐकिवात नाही. खरवसाचा चीक न्यूझीलंडमध्ये मिळतो, पण तो भुकटी होऊन, शक्तिवर्धक म्हणून कॅप्सुलात भरलेला असतो. जेवणानंतर पाण्याबरोबर दोन घ्याव्यात, अशी सूचना डबीवर असते.