पदभार

प्रशिक्षक बदलण्यात भारतीय फुटबॉलने जी सफाई कमावली आहे, तिला तोड नाही. 2024 च्या मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 1-2 हार. जूनमध्ये प्रशिक्षक स्टिमॅच घरी. मग मानोलो मार्केझ. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. तेही गेले. खालिद जमील आले, आणि सिंगापूरचा संघ मडगावात येऊन 2-1 ने जिंकून गेला. आता मध्यंतरालाच नवा प्रशिक्षक नेमावा. खेळाडू लिंबूपाणी पिईपर्यंत पदभार उरकतो.

आमच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला माणसे महादेवाच्या दर्शनाला धापा टाकत चढतात, नवस बोलतात. नवस फळला नाही म्हणून महादेव कुणी बदललेला नाही. फुटबॉल महासंघाने प्रशिक्षकपदासाठी इकडे जरूर विचारावे. पगार बेलाचे पान. मुदतीआधी काढल्यास नुकसानभरपाईचा दावा नाही.