दादांची पावलं तोरण्यावर, दादा ओसरीवर

लेस्टर, इंग्लंड, आषाढअखेर

तीर्थरूप आई-दादांस,

पत्रास कारण की, परवा आपल्या ग्रुपवर दादांच्या चालण्याच्या ॲपचा फोटो आला. एका दिवसात बावीस हजार पावलं! वर ट्रॉफी, फटाके, 'शाब्बास'. मी इथे पेढ्यांसाठी खवा शोधायला निघणार, तेवढ्यात आईचा फोन: दादा दिवसभर झोपाळ्यावर होते, फोन बंट्याच्या खिशात होता आणि बंट्या मित्रांबरोबर तोरण्यावर. म्हणजे दादांची पावलं बिनी दरवाज्यातून गडावर गेली, मेंगाईचं दर्शन घेऊन वेल्ह्यात उतरली, आणि दादांनी मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा उठून घेतला नाही. दादा, डॉक्टरांनी चालायला तुम्हाला सांगितलंय. साखर बंट्याला नाही.

आमच्याकडे तरी काय वेगळं? ह्यांनी चालणं मोजणारं घड्याळ आणलंय. ते बिचारं हाताच्या हिसक्यांवरून अंदाज बांधतं. दुकानात ट्रॉली ढकलत हे तासभर फिरले तरी हात दांड्यावर स्थिर, म्हणून पावलं जवळजवळ नाहीतच. मी तेच घड्याळ घालून ओट्याशी चार भाकऱ्या थापल्या, तर जागच्या जागी गल्लीला फेरी झाली. तेव्हापासून हे भाकरी शिकायची भाषा करताहेत. तेवढा एक फायदा.

रात्री झोपायच्या वेळी आकडा दहा हजाराला थोडा कमी दिसला की स्वारी पायजम्यावर घराभोवती फेऱ्या मारते. शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "पावलं." तो दहा हजारांचा आकडाही वेदात सांगितलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच हा गोल आकडा होता. तोच जगाच्या डोक्यावर बसला. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास छापून आला. दिवसाला 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 2,700 वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फरक दिसला नाही. तेव्हा आई, तू दहा हजारांचा धसका घेऊ नकोस.

खरी गोची पुढेच आहे. यंत्र माणसाला उठवतं, पण उठलेला माणूस पुन्हा बसतो. 2016 मध्ये पोकेमॉन गो हा खेळ आला तेव्हा पोरं मोबाइल घेऊन रस्तोरस्ती हिंडत होती. संशोधकांनी मोजलं, तर पहिल्या आठवड्यात रोज सरासरी 955 पावलं वाढली होती आणि सहाव्या आठवड्यात सगळं पूर्वपदावर. हार्टस्टेप्स नावाच्या ॲपचंही तसंच. 'जरा चालून या' हा संदेश सुरुवातीला लागू पडायचा, पुढे पुढे त्याचा परिणाम ओसरत गेला. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं एक फुकट ॲप आहे, नऊ आठवड्यांत बसल्या माणसाला पळायला शिकवणारं. कानात एक विनोदी बाई सांगते, आता पळा, आता चाला. हे मुकाट ऐकतात. मी लग्नापासून तेच सांगतेय, पण मला बंद करायचं बटण नाही ना!

आता वेल्ह्याची आत्या बघा. डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखल, दिवसभर वाकून भातलावणी. तिच्या मनगटाला हे घड्याळ बांधलं आणि ते 'बाई, जरा हालचाल करा' म्हणालं असतं, तर आत्याने ते बांधावर भिरकावून दिलं असतं. तिला ॲप लागत नाही, कारण ती गेली नाही तर खाचर तसंच राहतं आणि शेजारीण हाक मारायला दारात येते. आपल्यासारख्या बसून खाणाऱ्यांना काम नाही, तर निदान हाक मारणारं कुणीतरी हवं. फोनचा खरा उपयोग तिथे. पावलं मोजायचं काम त्याने दुय्यम मानावं.

म्हणून असं ठरवलंय. इथे माझी जेवणाची सुट्टी दुपारी एकला, तेव्हा तुमच्याकडे भोरात साडेपाच वाजलेले असतात. सोमवार ते शुक्रवार मी व्हिडिओ कॉल लावणार. दादा, तुम्ही राजवाड्यापासून नीरेच्या पुलाकडे निघायचं, मी इथे ऑफिसमागच्या बागेत. अर्धा तास गप्पा मारत चालायचं. आठवड्याची दीडशे मिनिटं झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना निदान तेवढंच मागते. धाप लागून बोलता येईना तर वेग कमी करा, छातीत दुखलं तर थांबून डॉक्टरांकडे जा. पावसाची सबब चालणार नाही. पाऊस इथेही रोजचाच आहे, आणि तुमच्याकडे निदान छत्री धरायला आई आहे.

येत्या सोमवारी साडेपाचला चपला घालून तयार राहा, आणि महिनाअखेरीला साखर तपासून आकडा मला कळवा. खरा आकडा.

तुमची,
सुमी