वेशीवर टांगलेले बग

व्हिडिओ गेममधील दोषाला खेळणारी मंडळी बग म्हणतात आणि त्या दोषापायी पडद्यावर जो चमत्कार घडतो त्याला ग्लिच म्हणतात. हा चमत्कार यंत्राने आज्ञा मोडल्यामुळे घडतो असा सार्वत्रिक समज असला, तरी तो यंत्रावर अन्याय करणारा आहे. यंत्र आज्ञा शब्दशः पाळते, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. 2014 साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या खेळात माणसाची कातडी, डोळे, दात आणि केस हे सुटे भाग होते. काही संगणकांवर कातडी तेवढी गैरहजर राहिली, बाकीचे भाग मात्र नेमून दिलेल्या जागी चोख उपस्थित झाले, आणि राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिसची कुलीन माणसे नुसत्या बुबुळांनी आणि दातांनी एकमेकांशी अदबीने बोलताना दिसू लागली.

दोष दडून बसण्याची जागा बहुतेक वेळा ठरलेली असते, ती म्हणजे सीमा. म्हणूनच शंभरापर्यंतचा आकडा चालणार असेल, तर अनुभवी परीक्षक पन्नासाच्या वाटेला न जाता नव्याण्णव, शंभर आणि एकशे एक हे आकडे आधी घालून पाहतो. आदिलाबाद जिल्ह्याला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे भाग या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले, मराठी बोलणारी पुष्कळ घरे पैनगंगेच्या अलीकडेच राहिली, आणि 2016 मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार तुकडे झाले, त्यामुळे आपण नेमके कोणाच्या हद्दीत आहोत याची अधूनमधून चौकशी करून ठेवणे येथे शहाणपणाचे मानले जाते.

संख्येलाही हद्द असते. जुन्या यंत्रांत एखादी संख्या साठवायला आठ खणांची जागा मिळे आणि प्रत्येक खणात शून्य किंवा एकच मावत असल्याने तीत 255 च्या पुढे जाताच येत नसे. एक मिळवला की हिशेब पुन्हा शून्यावर. 1980 च्या ‘पॅक-मॅन’मध्ये 256 व्या पातळीवर पोहोचणाऱ्या चिकाट खेळाडूला बक्षीस म्हणून अर्धा पडदा अक्षरे आणि आकडे यांच्या कचऱ्याने भरलेला मिळतो, आणि ती पातळी पूर्ण करणे शक्यच नसते. उलट दिशेने हीच हद्द ओलांडल्याची सर्वांत प्रसिद्ध कथा महात्मा गांधींची आहे. 1991 च्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात प्रत्येक राष्ट्रनेत्याला आक्रमकतेचा एक आकडा दिलेला होता; गांधींचा तो एक होता, लोकशाही स्वीकारताच त्यातून दोन वजा झाले, आणि उणे एक मावेना म्हणून तो थेट 255 झाला, परिणामी बापू शेजाऱ्यांवर अणुबाँब टाकत सुटले, अशी ही कथा. आदिलाबादहून हैदराबादपेक्षा सेवाग्राम जवळ असल्याने तिचा येथे विशेष विचार व्हायला हरकत नाही. तथापि या खेळाचा कर्ता सिड मायर याने 2020 च्या आपल्या आत्मकथनात असा बग मुळात नव्हताच असे स्पष्ट केले. मात्र त्याआधीच, 2010 च्या पाचव्या आवृत्तीत, गांधींना अणुबाँबची आवड हेतुपुरस्सर देण्यात आली होती. नसलेल्या बगाला अशी सन्मानाने नोकरी मिळावी, हे असलेल्या बगांच्या डोळ्यांत खुपण्यासारखे आहे.

भूमीच्या हद्दीवरचे दोष अधिक देखणे असतात. ‘माइनक्राफ्ट’च्या आरंभीच्या आवृत्त्यांत केंद्रापासून सुमारे 1 कोटी 25 लाख ठोकळे चालून गेल्यावर जमीन घडवणारे गणित ढासळे आणि डोंगरांऐवजी भोकाभोकांची अजस्र भिंत उभी राही, 2011 मध्ये ती दुरुस्त झाली, तेव्हा हळहळणारेच अनेक निघाले. दुसऱ्या एका दोषात दोन पृष्ठभाग एकाच जागी येतात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यापाशी कोणता पृष्ठभाग पाहणाऱ्याला जवळचा, हे यंत्र अंतराच्या आकड्यावरून ठरवते, आणि दोन्ही अंतरे सारखीच भरली की क्षणात हा, क्षणात तो असे लुकलुकू लागते. पूर्वीच्या आदिलाबादच्या, आताच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या सीमेवर जिवती आणि केरामेरी यांच्यामध्ये बारा-चौदा गावे अशीच आहेत. त्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही राज्यांची अंतरे शून्य भरल्यामुळे तेथे दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडची रेशनकार्डे आणि दोन्ही मतदारयाद्यांत नावे आढळतात. फरक इतकाच की येथे लुकलुक होत नाही, दोन्ही पृष्ठभाग एकाच वेळी स्पष्ट दिसतात. असे चित्र काढणारे यंत्र अद्याप कोणत्याही कंपनीला बनवता आलेले नाही.

पैनगंगेच्या पुलावर घडणारा प्रकार काटेकोर अर्थाने बग नव्हे, पण त्यावर जेवढा शिव्यांचा खर्च होतो तेवढा खऱ्या बगावर होत नाही. पांढरकवड्याकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसून बीजीएमआयसारखा लढाईचा खेळ खेळणाऱ्या तरुणाचा फोन पूल ओलांडताना एका टॉवरला सोडतो आणि दुसऱ्याला धरतो. मधल्या दोन-तीन सेकंदांत सर्व्हरशी, म्हणजे खेळाचा खरा हिशेब ठेवणाऱ्या दूरच्या संगणकाशी, त्याचा संपर्क नसतो, तरीही फोन उगाच घाबरवू नये म्हणून त्याच्या शिपायाला अंदाजाने पुढे पळवत ठेवतो. तरुण गोळ्यांची अख्खी मॅगझिन रिकामी करतो, शत्रू मात्र ढिम्म उभा असतो, आणि संपर्क येताच कळते की आपण पुलाच्या अलीकडेच मेलो होतो. “मारलं होतं ना बे त्याला! नेटच गेलं,” हे त्यावरचे प्रमाणभूत भाष्य होय.

पुण्यात युबिसॉफ्टसारख्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत खेळ बाजारात जाण्यापूर्वी तपासले जातात, आणि तो तपास म्हणजे दिवसभर खेळत बसण्याची चैन आहे अशी परीक्षकांच्या नातेवाइकांची समजूत असते. प्रत्यक्षात तेथील माणूस एकाच भिंतीला समोरून, तिरपा, पळत, उडी मारून आणि घोड्यावर बसून धडकतो, आणि आरपार गेला की खेळाची आवृत्ती, यंत्राचे नाव, भिंतीची जागा आणि धडकेपूर्वीच्या कृती क्रमवार लिहून ठेवतो, कारण पुन्हा घडवून दाखवता न येणारा दोष दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. वाचकांपैकी कोणी भिंतीत अडकल्यास त्यांनीही तक्रारीत एवढा तपशील अवश्य द्यावा. “गेम बेकार हाय” या शेऱ्यावरून कोणताही बग निघत नाही.